कोरडं रीळ, पारखलेला टँक

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘रोल धुवायला टाकणं’ हा शब्दप्रयोग आता महाविद्यालयातल्या मुलांना समजावून सांगावा लागतो. चाळिशी ओलांडलेल्यांना तो चांगलाच आठवत असेल. लग्न, मुंज, सहल झाली की छत्तीस फोटोंचा रोल कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जायचा आणि दोन-चार दिवसांनी पाकिटातून फोटो आणि निगेटिव्ह घरी यायच्या. मधल्या काळात पडद्यामागच्या अंधारात काय घडायचं, याच्याशी आपला संबंध नसे. पुढे डिजिटल कॅमेरे आले, मग मोबाइल आले आणि तो व्यवहार जवळपास थांबला. उटीला १९६० साली स्थापन झालेली हिंदुस्थान फोटो फिल्म्स आणि तिची ‘इंदू’ ही फिल्म एके काळी सर्वांच्या ओळखीची होती. ती कंपनीही बंद पडली. फिल्म मात्र संपली नाही. इंग्लंडची इलफर्ड आणि अमेरिकेची कोडॅक यांच्या नावाच्या कृष्णधवल फिल्म आजही मिळतात, आणि आजोबांचा कॅमेरा कपाटातून काढून त्यात रोल भरणारी तरुण मंडळी आपल्याकडेही दिसतात.

या मंडळींपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की रोल धुवायचा कुठे? कृष्णधवल फिल्म धुऊन देणारे आता थोडेच उरले. त्यामुळे अनेक जण ती घरीच धुतात, आणि ते फारसं अवघडही नाही. मात्र नवखा माणूस चौकशी करतो ती रसायनांची. डेव्हलपर कोणता घ्यावा, किती पातळ करावा, किती मिनिटं ठेवावा. ज्या डब्यात हे सगळं घडायचं, त्या टँकविषयी आणि त्यातल्या रिळाविषयी सहसा कुणी विचारत नाही.

खरं तर काळजी तिथेच हवी. डेव्हलपर मिनिटभर जास्त राहिला तर निगेटिव्ह थोडी गडद होते, प्रिंट काढताना ते सावरून घेता येतं. पण रिळावर फिल्मचे दोन वेढे एकमेकांना चिकटले, तर तेवढ्या भागाला डेव्हलपर पोहोचतच नाही. तिथलं चित्र उमटत नाही, आणि नंतर कोणतीही युक्ती ते परत आणू शकत नाही. घरातल्या जुन्या कॅमेऱ्यात वीस-पंचवीस वर्षं पडून राहिलेला एखादा रोल असेल, त्यात आज हयात नसलेल्या माणसांचे फोटो असतील, तर अशी चूक किती महागात पडेल, ते सांगायला नको. म्हणून आज बोलायचं ते टँक आणि रीळ यांच्या निवडीविषयी आणि निगेविषयी.

आधी या डब्याचं काम काय, ते पाहू. कॅमेऱ्यात प्रकाश पडला की फिल्मवरच्या जिलेटिनच्या थरात चित्र तयार होतं, पण ते डोळ्यांना दिसत नाही. डेव्हलपर ते दिसतं करतो. मग स्टॉप बाथ किंवा साधं पाणी डेव्हलपरचं काम थांबवतं, आणि हायपो, म्हणजे फिक्सर, न वापरली गेलेली चांदीची संयुगं विरघळवून चित्र कायम करतो. हायपो होईपर्यंत फिल्मला उजेड लागता कामा नये. पूर्वीच्या काही फिल्म तांबड्या दिव्यात हाताळता येत. आजच्या नेहमीच्या कृष्णधवल फिल्मला तांबडा प्रकाशही चालत नाही. पूर्ण अंधार लागतो. पण दहा-पंधरा मिनिटं मिट्ट काळोखात ट्रेमधून ओली फिल्म खालीवर करत बसणं कुणाला जमणार? त्यावरचा उपाय म्हणजे हा टँक. फिल्म एकदा अंधारात आत भरली, की पुढचं सगळं काम स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ, दिव्याच्या उजेडात करता येतं.

कल्पना जुनी आहे. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचे सचिव आर्थर मॅकर्डी यांनी फिल्म धुण्याचं एक सुटसुटीत साधन तयार केलं आणि आपला शोध कोडॅकला विकला. कोडॅकचं ‘डेव्हलपिंग मशीन’ १९०२ साली बाजारात आलं आणि हौशी माणसाला अंधारखोलीशिवाय फिल्म धुता येऊ लागली. पुढे १९२५ मध्ये लायका कॅमेरा आला, ३५ मिलिमीटरची अरुंद फिल्म रुजली, आणि एवढी लांब पट्टी लहानशा डब्यात मावेल कशी, हा प्रश्न महत्त्वाचा झाला. छत्तीस फोटोंची फिल्म साधारण सव्वापाच फूट लांब असते. ती चकलीसारखी गुंडाळायची, पण एकाही वेढ्याचा दुसऱ्याला स्पर्श होऊ द्यायचा नाही. रिळाचं सारं कौशल्य एवढ्यात आहे.

टँकची रचना समजून घेतली की पुढच्या निम्म्या चुका टळतात. प्लॅस्टिकच्या टँकमध्ये पाच वस्तू असतात: बाहेरचा डबा, मधला पोकळ दांडा, त्यावर बसणारं रीळ, वरचं नरसाळं आणि सर्वांत वरचं पाणीबंद झाकण. प्रकाश सरळ रेषेत जातो, पाणी वळणं घेत जातं. या साध्या गोष्टीवर टँक चालतो. नरसाळ्यातून ओतलेलं द्रव दांड्याच्या पोकळीतून खाली उतरतं आणि तळाशी पसरून वर चढतं. प्रकाशाला ही वळणं घेता येत नाहीत. म्हणजे उजेड अडवण्याचं काम वरचं झाकण करत नाही, ते नरसाळं आणि मधला दांडा मिळून करतात. घाईत दांडा न घालता रीळ नुसतंच डब्यात टाकलं आणि नरसाळं बसवलं, तर सगळं बंद झाल्यासारखं दिसतं, पण दिवा लावताच वरून उजेड सरळ आत शिरतो आणि रोल जातो. म्हणून अंधार करण्यापूर्वी पाचही वस्तू समोर क्रमाने मांडून ठेवाव्यात.

बाजारात टँक मुख्यतः दोन प्रकारचे मिळतात, प्लॅस्टिकचे आणि स्टेनलेस स्टीलचे. प्लॅस्टिकमध्ये इंग्लंडच्या पॅटर्सनचं नाव जास्त ऐकू येतं. याच्या रिळात फिल्म बाहेरच्या कडेकडून आत भरतात. तोंडाशी दोन बाजूंना पोलादाच्या बारीक गोळ्या असतात. फिल्मचं टोक त्यांच्या पलीकडे सरकवलं, की रिळाच्या दोन चकत्या आळीपाळीने पुढेमागे फिरवायच्या. गोळ्या फिल्मला मागे येऊ देत नाहीत आणि ती आपोआप आत सरकत जाते. शिकायला हे सोपं. शिवाय रिळाची रुंदी बदलता येते, त्यामुळे ३५ मिलिमीटरची आणि १२० नंबरची अशा दोन्ही फिल्म एकाच रिळावर बसतात. उणीव एकच, पण मोठी. रीळ कणभरही ओलं असेल तर फिल्म खाचेत चिकटते आणि पुढे सरकायला नकार देते.

स्टीलच्या रिळाची पद्धत याच्या उलट. फिल्मचं टोक मधल्या गाभ्यात अडकवायचं, अंगठा आणि बोटाने फिल्मला हलकासा बाक द्यायचा आणि रीळ फिरवत आतून बाहेर एकेक वेढा खाचेत बसवत यायचं. यात गोळ्या नाहीत, हलणारा भाग नाही. सगळं काम बोटांचं. सुरुवातीला हे वैतागवाणं वाटतं. एक वेढा चुकला की पुढचे चुकत जातात. पण हात बसला की हे काम प्लॅस्टिकपेक्षाही झटपट होतं. स्टील पुसलं की कोरडं होतं आणि थोडा दमटपणाही सोसतं; त्यामुळे एकामागून एक रोल धुणाऱ्यांना ते सोयीचं. पण प्रत्येक मापाच्या फिल्मला वेगळं रीळ घ्यावं लागतं, आणि ते एकदा पडून वाकलं की कायमचं बाद होतं. सरळ करायला जाऊ नये. डोळ्यांना न दिसणारा बाकही अंधारात फिल्म अडवतो.

याखेरीज जर्मनीच्या योबो कंपनीचे टँक आहेत. ते आडवे ठेवून यंत्रावर फिरवतात, त्यामुळे द्रव कमी लागतं. अंधाराविना रोल भरता येणारे डबेही आहेत. आग्फाचा रॉन्डिनॅक्स हा १९३० च्या दशकातला असाच डबा, आणि अलीकडे त्याच धर्तीचे नवे डबे निघाले आहेत. पण नवशिक्याने साध्या टँकपासून सुरुवात करावी, हे बरं.

मग निवड कशी करायची? किंमत किंवा नाव पाहण्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. पहिला, आपण कोणत्या मापाची फिल्म वापरतो? दोन्ही मापं वापरत असाल तर रुंदी बदलणारं प्लॅस्टिकचं रीळ सोयीचं. १२० ची फिल्म रुंद आणि लवचीक असल्यामुळे तिचं टोक खाचेत शिरवणं नवख्याला जड जातं. तोंडाशी रुंद, सपाट कड असलेली प्लॅस्टिकची रिळं मिळतात. त्या कडेवर फिल्म टेकवून पुढे ढकलता येते, आणि बराच त्रास वाचतो.

दुसरा प्रश्न, एका वेळी किती रोल धुणार? पॅटर्सनच्या टँकच्या तळाशी द्रवाची मापं छापलेली असतात. ३५ मिलिमीटरच्या एका रोलला २९० मिलिलिटर, १२० च्या एका रोलला ५०० मिलिलिटर. स्टीलच्या टँकला एका ३५ मिलिमीटर रोलसाठी सुमारे २५० मिलिलिटर पुरतं. हे माप पाळायलाच हवं. द्रव कमी पडलं तर फिल्मची वरची कड त्याबाहेर राहते आणि निगेटिव्हवर कडेने फिका पट्टा उमटतो. दोन रिळांचा टँक घेणं केव्हाही शहाणपणाचं, कारण त्यात १२० चा एक रोलही मावतो. मात्र त्यात ३५ चं एकच रीळ घातलं, तर टँक उलटासुलटा करताना ते दांड्यावरून वर सरकू शकतं, आणि द्रव राहतं खाली. त्यासाठी दांड्यावर बसणारी अडकण लावावी, किंवा वर दुसरं रिकामं रीळ ठेवावं.

तिसरा प्रश्न, आपण राहतो कुठे? हा प्रश्न परदेशी माहितीपत्रकात सापडणार नाही, पण आपल्याकडे तो फार महत्त्वाचा. मुंबईत किंवा कोकणात जुलै महिन्यात हवेतला ओलावा इतका असतो, की रात्री दोरीवर टाकलेले कपडे सकाळीही सुकत नाहीत. प्लॅस्टिकचं रीळही सुकत नाही. वरून कोरडं दिसतं, पण खाचेत आणि गोळ्यांच्या घरात पाण्याचा अंश राहतो. त्यात रोल भरताना चेंजिंग बॅग वापरली, तर पाच मिनिटांत हातांना घाम सुटतो, पिशवीतली हवा दमट होते आणि जिलेटिनचा थर ती ओल शोषून चिकट होतो. अर्ध्यावर फिल्म अडते ती यामुळे. पावसाळ्यात भरपूर काम करणाऱ्याने स्टीलचा विचार जरूर करावा. प्लॅस्टिकच घ्यायचं तर दोन रिळं जादा ठेवावीत, म्हणजे ओल्या रिळावर दुसरा रोल चढवण्याचा मोह होणार नाही. कोरडी झालेली रिळं सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत. रोल भरायला न्हाणीघर निवडत असाल तर आंघोळीनंतरची वेळ टाळा. पिशवीऐवजी आतून ताठ राहणारा छोटा तंबू मिळाला तर हातांना मोकळीक मिळते आणि घामही कमी येतो.

विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात अडचण वेगळी. तिथे रीळ तासाभरात खडखडीत वाळतं, पण नळाचं पाणीच तिशीच्या वर गेलेलं असतं. धुण्याचे तक्ते साधारण २० अंश सेल्सिअसचे असतात. तापमान वाढलं की वेळ कमी करावा लागतो, आणि डेव्हलपिंगचा वेळ पाच मिनिटांच्या खाली गेला की काम असमान होण्याचा धोका असतो. टँक भरायला लागणारा वेळ इथे मोजला जातो. प्लॅस्टिकचा टँक लवकर भरतो. स्टीलच्या टँकच्या अरुंद तोंडातून द्रव सावकाश आत जातं. वेळ जितका कमी, तितका हा फरक जास्त जाणवतो. त्यामुळे रसायनांच्या बाटल्या परातीत बर्फाच्या पाण्यात उभ्या करून २०-२२ अंशांवर आणाव्यात आणि टँकही त्याच पाण्यात ठेवावा. स्टील पटकन थंड होतं, प्लॅस्टिक हळूहळू. तेव्हा थर्मामीटर परातीत न घालता रसायनात घालून पाहावा. बर्फ डेव्हलपरमध्ये मात्र टाकू नये. तो वितळला की द्रव पातळ होऊन सगळं गणित चुकतं.

जुना टँक विकत घ्यायलाही हरकत नाही; चांगला जपलेला टँक अनेक वर्षं चालतो. पण पारखून घ्यावा. प्लॅस्टिकच्या टँकचे पाचही भाग आहेत का, ते मोजून पाहा. मधला दांडा हमखास हरवलेला असतो. रीळ उजेडात धरून खाचेवर नख फिरवा. कुठे टवका उडाला असेल तर नख अडेल, आणि जिथे नख अडतं तिथे फिल्मही अडणार. गोळ्या आपल्या घरात मोकळ्या हलतात का, ते रीळ कानाशी हलवून ऐका. स्टीलचं रीळ सपाट टेबलावर गडगडवून पाहा. डगमगत गेलं तर सोडून द्या. स्टीलच्या टँकचं झाकण त्याच टँकचं आहे ना, याची खात्री करा. एका कंपनीचं झाकण दुसरीच्या टँकवर बसल्यासारखं दिसतं, पण गळतं किंवा उजेड आत घेतं.

घरी आणल्यावर दोन चाचण्या कराव्यात. पहिली पाण्याची. टँक भरा, झाकण लावा आणि मोरीत उलटा धरा. प्लॅस्टिकचं मऊ झाकण बसवताना मधोमध दाबून थोडी हवा बाहेर काढायची, म्हणजे ते घट्ट बसतं. दुसरी चाचणी उजेडाची. न वापरलेल्या फिल्मचा वीतभर तुकडा अंधारात टँकमध्ये भरा, टँक पाच-दहा मिनिटं उन्हात सगळ्या बाजूंनी फिरवा आणि तुकडा नेहमीसारखा धुवा. तो स्वच्छ पारदर्शक निघाला तर टँक भरवशाचा. काळवंडला, किंवा कडेला काळे फराटे आले, तर झाकण किंवा नरसाळं गळकं आहे. एका तुकड्याचं नुकसान झालं तरी चालेल. पुढचे शंभर रोल वाचतात.

आता हाताच्या सरावाविषयी. त्यासाठी एक रोल बळी द्यायचाच. मुदत संपलेला, स्वस्तातला कसलाही चालेल. आधी उजेडात पाहून दहा वेळा भरा. मग डोळे मिटून दहा वेळा. मग अंधारात. बोटांना वाट पाठ झाली पाहिजे. फिल्मचं टोक दोन छिद्रांच्या मधून सरळ कापावं आणि कोपरे कात्रीने किंचित गोल करावेत. टोकदार कोपरा खाचेत रुततो. स्टीलच्या रिळावर फिल्म चढवताना अधूनमधून ती हळूच मागेपुढे करून पाहावी. थोडी हलली तर वेढा नीट बसला. अजिबात हलली नाही तर कुठेतरी अडकली, म्हणून एक-दोन वेढे उलगडून पुन्हा बसवावी.

आणि सगळं करूनही फिल्म मध्येच अडली तर? जोर लावू नये. जोराने फिल्मला घडी पडते, आणि धुतल्यावर त्या जागी चंद्रकोरीच्या आकाराचा डाग उमटतो. अशा वेळी टँक हीच आपली अंधारकोठडी, हे लक्षात ठेवावं. फिल्म आणि रीळ टँकमध्ये ठेवा, दांडा आणि नरसाळं बसवा, मगच दिवा लावा. हात धुऊन, पुसून, वाऱ्यावर वाळवा. पंख्याखाली पाच मिनिटं बसा. दुसरं कोरडं रीळ घ्या आणि पुन्हा अंधार करून शांतपणे सुरुवात करा. फिल्मला घाई नसते.

कपाटातल्या जुन्या रोलची गोष्ट आणखी नाजूक. बरीच वर्षं गुंडाळून पडलेली फिल्म घट्ट वळलेली असते, सरळ होत नाही आणि रिळात शिरताना पुन्हा पुन्हा उसळून बाहेर येते. असा रोल पहिल्या पाच-दहा रोलांत घेऊ नये. हात पूर्ण बसल्यावर, कोरड्या हवेच्या दिवशी, स्वच्छ रिळावरच तो घ्यावा. डबीवर काय छापलं आहे तेही आधी वाचावं. ‘सी-४१’ असेल तर ती रंगीत फिल्म. टँक तोच चालतो, पण रसायनं वेगळी आणि तापमान ३८ अंशांच्या आसपास राखावं लागतं.

टँक भरल्यावर तो हलवण्याचीही रीत आहे. इलफर्डची शिफारस सोपी आहे. डेव्हलपर ओतल्यावर पहिल्या दहा सेकंदांत टँक चारदा उलटासुलटा करायचा, आणि नंतर दर मिनिटाच्या सुरुवातीला दहा सेकंदांत पुन्हा चारदा. प्रत्येक वेळी टँक ओट्यावर हलकेच आपटायचा, म्हणजे फिल्मला चिकटलेले हवेचे बुडबुडे सुटतात. न सुटलेल्या बुडबुड्याच्या जागी निगेटिव्हवर बारीक, फिका गोल ठिपका राहतो. उत्साहाच्या भरात टँक सतत खळखळवला, तर कडेच्या छिद्रांतून द्रव वेगाने जाऊन चित्रावर पट्टे येतात. टँक काठोकाठ भरला तरी नुकसानच. वर थोडी हवा नसेल तर आतलं द्रव हलतच नाही.

निगेटिव्ह हातात आली की ती टँक-रिळाचा अहवालच देते. दुधाळ, अपारदर्शक डाग म्हणजे वेढे चिकटले. एका कडेला फिका पट्टा म्हणजे द्रव कमी. चंद्रकोर म्हणजे भरताना घडी पडली. सगळी पट्टी काळी म्हणजे उजेड लागला. दांडा राहिला का, ते आठवून पाहा. अशी नोंद एका वहीत ठेवली, तर तीच चूक सहसा पुन्हा होत नाही.

शेवटी निगेविषयी. काम संपल्यावर टँक ‘नंतर धुऊ’ म्हणून ठेवू नये. सगळे भाग सुटे करून कोमट पाण्याने लगेच धुवावेत. रिळाच्या खाचेतून मऊ टूथब्रश फिरवावा. काथ्या, घासणी, भांड्यांची पावडर वर्ज्य. ओरखडा पडला की फिल्म तिथे अडणार. हायपोचा अंश तर मुळीच राहू देऊ नये. पुढच्या खेपेला तो डेव्हलपरमध्ये उतरला तर काम बिघडतं.

सर्वांत दुर्लक्षित शत्रू म्हणजे वेटिंग एजंट. फिल्म वाळताना पाण्याचे डाग पडू नयेत म्हणून शेवटी हे साबणासारखं द्रव वापरतात. ते प्लॅस्टिकच्या खाचेत थरावर थर बसतं, आणि काही महिन्यांनी ‘रीळ कोरडं आहे तरी फिल्म अडते’ अशी तक्रार सुरू होते. उपाय सोपा आहे. फिल्म रिळावरून काढून वेगळ्या वाडग्यात या द्रवातून न्यावी. रीळ त्यात बुडवूच नये. आधीच थर बसला असेल तर रीळ गरम पाण्यात अर्धा तास भिजवून ब्रशने घासावं. उकळतं पाणी नको, प्लॅस्टिक वाकतं. बोअरवेलचं जड पाणी असलेल्या गावी पांढरे क्षार साचतात; त्यांना लिंबूसत्त्वाचं सौम्य पाणी पुरतं, नंतर भरपूर साधं पाणी. प्लॅस्टिक कालांतराने तपकिरी झालं तर घाबरू नये, तो डेव्हलपरचा डाग आहे आणि निरुपद्रवी आहे. खाचेला तेल किंवा टाल्कम पावडर लावण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ते फिल्मला लागतं.

वाळवताना सगळे भाग सुटे, सावलीत, हवेशीर जागी ठेवावेत. कडक उन्हात प्लॅस्टिक ठिसूळ होतं. रीळ झटकून पाणी काढावं आणि रात्रभर राहू द्यावं. हेअर ड्रायर वापरायचाच तर थंड हवेवर. ठेवून देताना टँकचं झाकण घट्ट लावू नये. झाकण सैल पडत नाही आणि आत कुबट वासही येत नाही.

घरात मुलं असतील तर आणखी दोन गोष्टी. या कामाची भांडी, मापं, बाटल्या स्वयंपाकात पुन्हा कधीही वापरू नयेत, आणि रसायनं थंड पेयाच्या बाटल्यांत तर मुळीच भरू नयेत. बाटल्यांवर नाव आणि तारीख ठळक लिहून त्या कुलपात ठेवाव्यात. वापरलेल्या हायपोत फिल्ममधली चांदी उतरलेली असते. तो विहिरीजवळ, नाल्यात किंवा झाडांना ओतू नये. वेगळा साठवावा आणि त्यातली चांदी काढून घेणाऱ्याकडे किंवा एखाद्या प्रयोगशाळेकडे द्यावा. पाण्याचीही बचत होते. नळ तासभर सोडून ठेवण्याऐवजी इलफर्डच्या पद्धतीने टँक भरून पाच वेळा उलटा करा, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. तीन टँकभर पाण्यात फिल्म स्वच्छ होते. टँकरची वाट पाहणाऱ्या गावांत याची किंमत वेगळी सांगायला नको.

हे सगळं ऐकून टँक म्हणजे मोठं झंझट वाटेल. तसं नाही. खर्च एकदाच होतो, आणि निगा राखायला दर वेळी पंधरा मिनिटं पुरतात. कॅमेरा कितीही भारी असला, फोटो काढणारा कितीही कसबी असला, तरी छत्तीसच्या छत्तीस चित्रांना या एका डब्यातूनच बाहेर यावं लागतं. तेव्हा येत्या रविवारी रोल भरायला बसाल, त्याआधी शनिवारी रात्री एकदा रीळ हातात घेऊन पाहा. अंगठ्याला खाचेत जरासा जरी गारवा लागला, तर रोल सोमवारी धुवा.